नंदाचा टाक

भूतखेत, करणी असलं काही ऐकलं की मी आजवर हसतच आलो. सुलतानपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मीटरचा काटा हलला तरच करंट आहे असं मानणारा माणूस मी. त्यामुळे पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा...

मला मायलोडिस्प्लेशिया झाला होता. यात हाडांच्या आतल्या मज्जेत रक्त नीट तयारच होत नाही. अंगावर उगाचच काळेनिळे डाग यायचे, सारखं रक्त चढवावं लागायचं. बोन मॅरो ट्रान्सप्लांट हाच इलाज होता, आणि मॅच निघाली माझी धाकटी बहीण नंदा. तिचा नवरा सुरेश, पिंपळगाव राजाचा, आडवा आला. "भावापायी आमच्या घरची बाई काऊन खिळखिळी करून घेऊ?"

नंदा मला म्हणाली, "दादा, मी देऊन राह्यली. त्याले बोंबलू दे."

तिनं दिलं, म्हणून मी जगलो. माझा ब्लड ग्रुप बी होता, तिचा ओ. आता माझाही ओ आहे. डॉक्टर म्हणाले, तुमच्या अंगात आता रक्त बहिणीचंच बनतं.

मी बरा झालो आणि नंदा गेली. "जिन्यावरून पडली," सुरेश म्हणाला. आम्ही पोचेस्तोवर चिता विझत आली होती. एवढी घाई कशाची? पोलिसांनी पुरावा मागितला, तो तर जळून गेला होता. याला सुखानं नांदू द्यायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं. कसं, ते मात्र माहीत नव्हतं.

वर्षाच्या आत त्याचं दुसरं लग्न जमलं. आमच्याकडे अशा नवरीच्या गळ्यात मेलेल्या पहिलीचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली तिची छोटी प्रतिमा घालतात, पहिलीनं त्रास देऊ नये म्हणून. सुरेशच्या आईचा निरोप आला — टाक माहेरानं आणावा. निर्लज्जपणा बघा! पण मी गेलो. पहिलीला शांत करायला निघालेल्या लोकांनी तिचंच रक्त मांडवात बोलावलं होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

भर दुपारी, सगळ्यांसमोर मी टाक सुरेशच्या हातात ठेवला. त्याची बोटं माझ्या तळव्याला लागली मात्र... कुणीतरी गळा आवळल्यासारखं झालं. श्वासच घेता येईना. समोर बसलेला नवरीचा बाप ओरडला, "पाहुणे, तुमच्या गळ्याले काय झालं?"

मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाहिलं. गळ्यावर काळेनिळे डाग उमटत होते. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटं — तीन पूर्ण, आणि मधलं अर्धंच.

सुरेशचं मधलं बोट कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये तुटलेलं आहे.

नवरीच्या बापानं माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग सुरेशच्या हाताकडे. सुरेशनं हात पाठीमागे नेला.

"मी समोर बसेल आहो. यायच्या गळ्याले कोणीच हात नाही लावला," नवरीचा बाप हळू म्हणाला. मग मुलीकडे वळला. "ऊठ माय. चाल घरी."

सुरेशची आई पाया पडत राहिली, पण नवरीकडचं वऱ्हाड न जेवता निघालं. खरं सांगतो, इतका आनंद मला स्वतः बरा झालो तेव्हाही झाला नव्हता.

डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट केल्या. प्लेटलेट नॉर्मल, आजार परतलेला नाही. डाग आले तसे गेले. कशामुळे आले, ते मला जाणूनच घ्यायचं नाही.

परवा कळलं, सुरेशला लोणारकडची एक सोयरीक सांगून आलीय. बैठकीला मी जाणार. फक्त राम राम करून त्याचा हात हातात घेणार.