म्हाताऱ्याला पहिली हाक

दौंडला आम्ही फुटबॉल राखेवर खेळायचो. इंजिनांची राख मैदानभर पसरून चोपून बसवलेली असे. पावसात तिथं चिखल होत नसे हा फायदा, आणि एकदा पडलं की गुडघे आठवडाभर काळे राहत हा तोटा. मी तेव्हा रेल्वेच्या इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होतो आणि शेडच्या टीमचा कॅप्टन होतो. दुसरी टीम यार्डाची. नाताळच्या सुट्टीत दोघांचा सामना व्हायचा आणि हरणाऱ्यांना पुढचं वर्षभर कँटीनमध्ये मान खाली घालून चहा प्यावा लागायचा. माझ्या कारकिर्दीत आम्ही कधी जिंकलोच नव्हतो.

माझ्या संशयी स्वभावाचं आधीच सांगून टाकतो, लपवून उपयोग नाही. बाजारात मी वांग्याचं देठ उलटं करून बघतो. कुणी फार गोड बोललं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. बायको म्हणायची, तुम्ही एखाद दिवशी आरशात बघून विचाराल, हा कोण आणि हा इथं कशाला आलाय.

नवी माणसं दोन टीममध्ये कशी वाटली जायची, ते सांगायला हवं. दसऱ्यानंतरच्या रविवारी, त्या वर्षी नोकरीला लागलेले आणि खेळता येणारे सगळे गोलच्या दांडीखाली रांगेत उभे राहायचे. समोर दोन कॅप्टन. एकानं एकाला हाक मारायची, मग दुसऱ्यानं दुसऱ्याला, असं रांग संपेपर्यंत. हाक आलेला माणूस चालत येऊन त्या कॅप्टनच्या मागं उभा राही आणि तिथून पुढं तो त्याच टीमचा. याला आम्ही वाटणी म्हणत असू. आदल्या वर्षी हरलेल्याला पहिली हाक मिळे. म्हणजे पहिली हाक नेहमी माझीच.

आणखी एक नियम होता. तिशी उलटलेल्या माणसानं रांगेत उभं राहायचं नाही. आणि टीममधल्या कुणाची तिशी उलटली, तर त्यानं बूट काढायचे आणि गळ्यात शिट्टी घालून रेफ्री व्हायचं. नियम आप्पांचा. आप्पा म्हणजे निवृत्त इंजिन ड्रायव्हर, आम्हा सगळ्यांना फुटबॉल शिकवणारे, आणि मैदानावर त्यांचा शब्द खाली पडत नसे. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. दोन वर्षं हातात होती. त्या दोन वर्षांत एकदा, फक्त एकदाच, यार्डाला हरवायचं आणि मग खुशाल शिट्टी फुंकत बसायचं, एवढंच मला हवं होतं. दुसऱ्या कशातच मला नाव नव्हतं.

त्या वर्षी रांगेत बघण्यासारखे दोघे होते. एक कॉलनीतलाच पोरगा, नुकतीच मिसरूड फुटलेली, अंगानं काटकुळा, पण बॉल घेऊन सुटला की मागं फक्त राख उडताना दिसे. दुसरा मांडवगण फराट्याचा, पिंजाऱ्याच्या घरातला. रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस म्हणून लागला होता. त्याआधी तो नगरला लष्करी छावणीच्या स्वयंपाकघरात कामाला होता आणि संध्याकाळी शिपायांबरोबर खेळून खेळून फुटबॉल शिकला होता. कानांवरचे केस पांढरे, पुढचे दोन दात गेलेले. वय विचारलं तर म्हणाला, एकोणतीस.

एकोणतीस! तिशीच्या बरोबर एक पायरी खाली. असं वय खोटं बोलणाऱ्याचंच असतं. मी त्याच दिवशी त्याचं नाव 'आबा' पाडलं आणि शेडभर सांगत सुटलो की हा माणूस चाळिशीला टेकलाय.

तो खेळायचा मात्र विचित्र. धावायचाच नाही. मैदानाच्या मध्ये, माझ्याच जागेवर, कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि थोड्या वेळानं बॉल त्याच्या पायाशी यायचा. बाकीचे म्हणाले, काय डोकं आहे! मी म्हणालो, डोकं कसलं, जो धावत नाही त्याला धावता येत नसतं. आणि सरावात त्याच्यासमोर होती सगळी कोवळी पोरं. पोरांत थोराड माणूस उठून दिसणारच. त्यात त्याचा काय पराक्रम?

वाटणीच्या आधी आप्पांनी मला बोलावून घेतलं.

"पहिली हाक त्या पिंजाऱ्याच्या पोराला मार," ते म्हणाले.

"आप्पा, त्याला पोर म्हणता?"

"मंग काय म्हनू? हे बघ, कॉलनीतलं पोरगं ग्वाड हाय, न्हाई म्हनत न्हाई. पर त्ये पिकंल कवा आन् तू खाशील कवा? पिकलं की मुंबईवाले बदली करून घिऊन जात्यात. ह्यो गडी तयार हाय. ह्याला कुनी न्हेनार न्हाई."

बोलणं बिनचूक होतं. म्हणूनच मला घाम फुटला. कारण यार्डाचा कॅप्टन हा आप्पांचा जावई. मी आबाला, त्या म्हाताऱ्याला, हाक मारली की पोरगा आयताच जावयाच्या पदरात. सासऱ्यानं एवढ्या कळकळीनं सल्ला का द्यावा? रात्री जेवताना बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमटी घ्या.

मी ठरवलं, म्हाताऱ्याचं खरं वय शोधून काढायचं. तिशी उलटलेला निघाला की रांगेतूनच बाहेर, मग आप्पांच्या सल्ल्याचा प्रश्नच उरत नाही. कागद बघून उपयोग नव्हता. आमच्या भागातल्या शाळांत मास्तर पोराचा आकार बघून साल ठरवत आणि तारीख सरसकट एक जून लावत. निम्मा वर्ग एक जूनला जन्मलेला. मीही एक जूनचाच. तेव्हा वय कळायचं असेल तर आईलाच विचारायला हवं होतं. मी रजा टाकली, शिरूरला घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशीची मांडवगण फराट्याची एस.टी. धरायचं ठरवलं.

मांडवगणचं नाव काढताच माझ्या आईनं पुराची गोष्ट लावली. नदीकाठचं कुठलंही गाव निघालं की ती लावायची. घोडनदीला मोठा पूर आला, बाजारपेठेत पाणी शिरलं, मामानं मला खांद्यावर घेतलं, आणि मी मात्र चालायचंय म्हणून लाथा झाडत होतो.

"नुकता पळाय लागला व्हतास. जिमिनीवर पाय ठरत न्हवता," ती म्हणाली. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की ऐकतच नव्हतो.

पिंजाऱ्याचं घर लगेच सापडलं. अंगणात एक बाई गादीला टाके घालत होती. डोकं कापसासारखं पांढरं. शेजारी तिचा धाकटा मुलगा पिंजणीवर कापूस पिंजत होता, विशीचा असेल, आणि त्याच्याही कानांवर पांढरं. कापूस चिकटला असेल म्हणून मी जवळ जाऊन बघितलं. केसच होते.

"चाची, मी दौंडहून आलो. तुमच्या थोरल्याबरोबर असतो."

सुई तिच्या हातातून सुटली. "पोराला काय झालं?"

काही नाही, सहज आलो, असं सांगून तिची समजूत घालताना माझी तारांबळ उडाली. मग तिनं चहा टाकला. मी आडवळणानं विषय काढला, तुमच्याकडे केस लवकर पिकतात वाटतं.

"खानदानीच हाय त्ये. न्हवरं बी तसंच, सासरं बी तसंच. आन् दात म्हनाल तर आमच्या बैलानं पाडलं."

"मग त्याचा जन्म कधीचा?"

"त्ये मला काय ठावं? मोटा पूर आला तवा पोटात व्हता. सातवा म्हैना चालू. खाटंवर घालून टेकाडावर न्हेलं मला."

"कुठला पूर?"

"घोडनदीचा की. शिरूरची पेठ बुडाली त्यो."

"आमच्या शिरूरची?" मी चहाचा कप खाली ठेवला. तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"तुमी शिरूरचं न्हवं? तुमी केवढं व्हता तवा?"

"मी पळत होतो," माझ्या तोंडून निघून गेलं.

ती हसली. बोटांवर काहीतरी मोजलं आणि पुन्हा हसली. "मंग तुमी त्याचं थोरलं भाऊ झालात की!"

परतीच्या एस.टी.त मी हिशोब सगळ्या बाजूंनी करून बघितला. तो एकोणतीसचा असेल, तर मी तिशीच्या पार. तो खोटं बोलत असेल, तर मी आणखी पार. मी म्हणत होतो तसा तो चाळिशीचा असेल, तर मला पेन्शनच घ्यायला हवी होती. तो आपलं वय उगाच वाढवून सांगत असेल, एवढी एकच वाट माझ्या सुटकेची होती, आणि असं कोण करतं? तो रांगेतून बाहेर गेला असता तर त्याच्या आधी मी मैदानातून गेलो असतो. यार्डाला न हरवताच. मला रडू यायचं बाकी होतं. शेजारी बसलेल्या माणसानं विचारलं, पाव्हणं, गाडी लागली का? मी त्याच्याकडंही संशयानं बघितलं.

वाटणीच्या दिवशी यार्डाच्या कॅप्टननं सगळ्यांदेखत तोंड उघडलं. "काय कॅप्टन, मांडवगणला जाऊन आलात म्हणे! आबाचं वय किती निघालं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आप्पा दांडीला टेकून उभे होते.

"एकोणतीस," मी म्हणालो. "अगदी एकोणतीस."

आणि पहिली हाक त्यालाच मारली. माझ्या मनात खेळाबिळाचा विचार नव्हता. चाचीनं घरी मुलाला काय सांगितलं असेल कोण जाणे, हा यार्डात गेला तर तिथं बोलेल, माझ्या मागं उभा राहिला तर निदान गप्प राहील, एवढंच डोक्यात होतं. यार्डानं लगेच पोरग्याला हाक मारली. सासऱ्या-जावयात नजरानजर झाली की नाही ते बघायला मी वळलो, तेवढ्यात आबा माझ्या मागं येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आईनं निरोप धाडलाय. थोरल्या भावाला सलाम सांग म्हून."

झालं! त्याला सगळं ठाऊक होतं. पुढचे दोन महिने मी धडपणे जेवलो नाही. तो मला सुरेख पास द्यायचा आणि मला वाटायचं, हा उपकार कशाचा? कँटीनमध्ये तो आप्पांशेजारी बसला की मी टेबल पुसायच्या निमित्तानं मागं जाऊन उभा राही. ते दोघं उसाबद्दल बोलत असत. माझी जागा मी त्याला दिली आणि स्वतः मागं बॅकला उभा राहिलो, तर तेवढ्यावरही लोक म्हणाले, कॅप्टन किती मोठ्या मनाचा.

सामना आम्ही जिंकलो. त्या पोरग्याला आमच्या म्हाताऱ्यानं दिवसभर पायाशी बांधून ठेवलं. तो सुटायच्या आधीच हा तिथं जाऊन उभा असायचा. एकमेव गोल त्याच्याच पासवर झाला. मी राखेत लोळलो, ओरडलो, गुडघेच काय, तोंडसुद्धा काळं करून घेतलं. आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झाला असेल. पोरग्याचा पाय आदल्या दिवशी मुरगळला होता, असं यार्डवाले नंतर सांगत होते. खरं-खोटं देव जाणे. पुढच्याच वर्षी मुंबईवाले त्याला घेऊन गेले आणि तिथं त्यानं चांगलं नाव काढलं. तेव्हा माझी पहिली हाक बरोबर होती की चूक, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

संध्याकाळी आप्पा माझ्याजवळ येऊन बसले.

"आता तरी पटलं?"

"तुमच्या जावयाला पोरगा मिळाला तो मिळालाच की," मी म्हणालो. जिंकलो होतो, तेव्हा बोलायला कशाला भ्यायचं?

आप्पा खो खो हसले. मग म्हणाले, "तुला घेतला तवा बी पहिली हाक व्हती. मीच मारायला लावली व्हती. यार्डवाले हसले, शेडनं थोराड गडी घेतला म्हून. तुझा मामा माझ्या इंजिनावर कोळसा टाकनारा फायरमन व्हता. पूर, खांदा, लाथा, समदं मला तवाच ठावं व्हतं."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू खेळला असतास व्हय? तयार गडी घ्यावा आन् गप ऱ्हावं." त्यांनी आपल्या गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "जिंकलास न्हवं? आता बूट काढ."

म्हणजे माझ्या जन्माची चौकशी करायला मी मांडवगणला गेलो होतो, आणि ती माहिती मैदानावरच रोज माझ्यासमोर उभी राहत होती. मला राग आला. मग लाज वाटली. मग एकदम हलकं वाटलं, आणि बूट काढताना डोळ्यांत पाणी आलं ते मी राखेवर ढकललं.

पुढच्या हंगामात मांडवगणचा गडी कॅप्टन झाला आणि मी रेफ्री. पहिल्या सामन्याला सगळे जागेवर उभे होते, बॉल मध्ये ठेवलेला होता, आणि मी उगाच मैदानाच्या रेषा तपासत रेंगाळत होतो. तो कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होता.

"आबा," त्यानं आदबीनं हाक मारली, "शिट्टी वाजवा की."

मी त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं. तो अजिबात हसत नव्हता. तिथंच मला संशय आला.