दोष बॅटरीचा

"बॅटरीनं दगा दिला, बाकी काही नाही," असं बाबा इस्पितळाच्या खाटेवरून येईल त्याला सांगत होते. अंगाला नळ्या, ओठ सुकलेले आणि तोंडी बॅटरी.

झालं होतं ते असं. खाडीच्या मुखाशी, होडीत एकटेच असताना त्यांच्या छातीत कळ आली. त्याच गडबडीत इंजिन बंद पडलं आणि पुन्हा सुरू करायला गेले तर बॅटरीत जीव नव्हता. ओहोटी लागलेली होती आणि होडी बाहेर समुद्राकडे ओढली जात होती. शेजारच्या एकाला ती दिसली, त्याने आपल्या होडीला बांधून आणली, म्हणून बाबा वाचले. डॉक्टर म्हणाले हृदय, बाबा म्हणाले बॅटरी. बाबांचं मत शेवटपर्यंत बदलेना.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी एकुलती एक. मी त्यांना दिल्लीला, लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये घेऊन आले. ते आले, पण अट घालून. नारळी पौर्णिमेच्या आत परत जायचं आणि जाताना इथून नवी बॅटरी न्यायची. तालुक्याच्या दुकानातल्या बॅटऱ्या फळीवर बसून म्हाताऱ्या होतात, दिल्लीत ताजा माल असतो, असं त्यांचं म्हणणं. एकट्याने समुद्रावर जायचं नाही आणि वजन उचलायचं नाही, असं इथल्या डॉक्टरांनीही बजावलं होतं. बाबांनी ते आकाशवाणीच्या बातम्या ऐकाव्यात तसं ऐकून घेतलं. बॅटरी मिळाली की बाबा जाणार, हे मला कळत होतं. म्हणून मी दर रविवारी काहीतरी काम काढायची आणि दुकान पुढे ढकलायची.

तेवढ्या दिवसांत त्यांनी माझ्या मुलीला बॅटरी शिकवून टाकली. आमचं इंजिन डिझेलचं. पूर्वी ते हँडल मारून सुरू करत, पण खांदा गेल्यावर सेल्फ बसवला. त्यामुळे बॅटरी अशी हवी की पहिल्याच झटक्याला जोर देईल. पुढच्या फळीखालच्या खोक्यात ती बसली पाहिजे, अधिकची बाजू उजवीकडे हवी, नाहीतर वायर पोचत नाही. लाटांच्या हिसक्यांनी आतल्या प्लेटा निखळता कामा नयेत.

"आणि ओहोटीत बंद पडलं तर?" ते तिला विचारत.

"आजोबा, ओहोटी मतलब?"

"पाणी मागे जातं ना, ते."

"अच्छा, लो टाइड."

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बॅटरी एका माणसाला उचलता आली पाहिजे. आमच्याकडे रात्री बॅटरी होडीत कोणी ठेवत नाही. दमट हवा आणि चोर, दोघांचंही भय. संध्याकाळी होडी लागली की ती पोटाशी धरून, चिखल तुडवत घरी आणायची. लहानपणी दाराशी बाबा दिसायच्या आधी मला बॅटरीच दिसायची. ओटीवर तिच्यासाठी फळी होती. ती फळीवर टेकल्याशिवाय बाबा पायसुद्धा धूत नसत. त्यांच्या प्रत्येक शर्टाला पोटावर ॲसिडची भोकं असायची. आईने बरीच वर्षं ती रफू केली आणि मग नाद सोडला.

"ऑनलाइन मागवू या ना, बाबा," माझे यजमान एकदा म्हणाले.

"उचलून न बघता?" बाबांनी असं विचारलं की यजमानांनी फोन खिशात ठेवला.

शेवटी माझ्याकडची कारणं संपली. एका रविवारी आम्ही मेट्रोने काश्मिरी गेटच्या मोटार-सामानाच्या बाजारात गेलो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

दिल्लीत बॅटरी म्हटलं की लोकांना आधी घरातला इन्व्हर्टर आठवतो. दुकानदाराने तीच, उंच, दांडगी बॅटरी पुढे केली. "सबसे बढ़िया यही है जी."

"ये पंखे का काम का," बाबा त्यांच्या हिंदीत म्हणाले. "धीरे-धीरे देता है. हमको एकदम मंगता. नाव का इंजिन है."

"नाव? यमुना में?"

"समुद्र में."

दुकानदाराने त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं आणि आतून ट्रॅक्टरची बॅटरी आणवून जमिनीवर ठेवली. बाबा खाली बसले. वितीने उंची मोजली, अधिकची बाजू पाहिली, कधी बनली ते माझ्याकडून वाचून घेतलं. सगळं जुळत होतं. त्यांचा चेहरा उजळला होता. दिल्लीत आल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता.

मग ते उठले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिची मूठ धरली.

"बाबा, नको," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

बॅटरी जमिनीवरून जेमतेम सुटली आणि परत टेकली. त्यांनी श्वास घेतला, पाय फाकवून नीट उभे राहिले आणि पुन्हा जोर लावला. या वेळी ती हललीसुद्धा नाही.

"बाबूजी, रहने दीजिए, हम गाड़ी में रखवा देंगे," दुकानदार म्हणाला. प्रश्न गाडीपर्यंतचा नव्हता, होडीपासून ओटीपर्यंतचा होता, पण ते त्याला कसं कळणार? मग त्याने मोटारीची एक लहान बॅटरी पुढे सरकवली. ती बाबांनी सहज छातीपर्यंत उचलली.

इतके महिने त्यांनी जाऊ नये म्हणून धडपडणारी मी, आणि मीच घाईघाईने म्हणाले, "हीच घेऊ या ना, बाबा. हलकी आहे." त्यांचं ते दोनदा वाकणं मला बघवलं नव्हतं. त्या क्षणी मला फक्त त्यांना काहीतरी उचलता यायला हवं होतं.

"हिनं एकदा सुरू होईल," बाबा म्हणाले. "मुखाशी बंद पडलं तर परत होणार नाही." त्यांनी ती अलगद खाली ठेवली. "बॅटरी मोठीच लागते."

ते स्टुलावर बसले. दुकानदाराने पाणी दिलं, ते प्यायले. बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी मला गावी फोन लावायला सांगितला, त्यांची होडी बांधून आणणाऱ्या त्याच शेजाऱ्याला.

"हो, मीच," ते फोनवर म्हणाले. "होडी पौर्णिमेला तू काढ. नाही, मी नाही येत. ऐक, बॅटरी ट्रॅक्टरची घे. अधिकची बाजू उजवीकडे आहे ना, बघून घे. आणि घेण्याआधी उचलून बघ, नीट पोटापर्यंत. रोज संध्याकाळी न्यायची आहे." ते क्षणभर थांबले. "तुझ्या घरी."