पहिलीचा वर्ग दाखवणाऱ्या बाई

"आधी खाली बसा," असं त्या पालकांना म्हणायच्या. मूल आमच्या शाळेत घालावं की नाही हे ठरवायला आलेले आईवडील चपला काढून वर्गाच्या दारात उभे असायचे, खुर्ची कुठे दिसते का म्हणून नजर फिरवायचे, आणि बाई सतरंजीकडे हात करायच्या. "तुमचं मूल इथे बसणार. इथून काय काय दिसतं ते बघून घ्या. सावकाश बघा, मला वेळ आहे."

मग इस्त्रीची पँट घातलेले एखादे बँकेतले गृहस्थ गुडघे सांभाळत कशीबशी मांडी घालायचे. त्यांची बायको तोंडाला पदर लावून हसू दाबायची. खाली बसल्यावर फळा नीट समोर यायचा. बाईंनी तो मुद्दाम वीतभर खाली उतरवून घेतला होता. खिडकीतून शेजारच्या वाडीतल्या केळी दिसायच्या आणि वाऱ्यावर मोगऱ्याचा वास यायचा. पालक बसले की बाई स्वतः उभ्याच राहायच्या, भिंतीला टेकून, गप्प. बोलून शाळा विकायची त्यांना सवय नव्हती.

त्या आमच्या मुख्याध्यापिका. सोपाऱ्याहून निर्मळकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची छोटी प्राथमिक शाळा होती, मराठी माध्यमाची, पहिली ते चौथी. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत मी तिथे नवीन शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा बाईंना तिथे वीस वर्षं होऊन गेली होती. मूळच्या त्या साताऱ्याकडच्या. लग्न केलं नव्हतं. गावातल्या एका कुटुंबाच्या वाडीत, मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत राहायच्या. गावातली जुनी घरं, ख्रिस्ती काय आणि हिंदू काय, आपापली घरची बोली बोलायची, आणि साताऱ्याच्या बाईंना त्या सगळ्या समजायच्या. स्वतः मात्र त्या कधी ती बोली बोलल्या नाहीत. उगाच नक्कल केल्यासारखं वाटतं, म्हणायच्या.

तुम्ही शाळा दाखवणारी माणसं पाहिली असतील. चांगलं ते पुढे करतात, बाकीचं झाकतात. आमच्या बाई सगळ्यात आधी मुतारी दाखवायच्या. मग तिसरीच्या वर्गाचा डावा कोपरा. "हा कोपरा पावसात गळतो. गणपती होईपर्यंत आम्ही इथे मुलं बसवत नाही." मी मागे उभी राहून ओशाळायचे. एकदा मी त्यांना म्हटलंही, की गळकं छप्पर सांगायची काय गरज आहे. त्यांना माझा प्रश्नच नीट कळला नाही. जूनमध्ये त्यांना दिसणारच आहे की, असं म्हणून त्या पुढे चालू लागल्या.

मिठागराकडच्या वस्तीतून एक आजी नातवाला घेऊन आली होती. आईबाप कामावर, म्हणून तीच आली. तिला ना फळा बघायचा होता ना कोपरा. तिने एवढंच विचारलं, "बाय, पोर तहानलं तर पानी प्यायला मध्येच उठून देता का?"

बाई म्हणाल्या, "विचारायचंही नाही त्याने. उठायचं आणि प्यायचं."

आजीने तिथल्या तिथे कागदावर अंगठा दिला. तो मुलगा पहिले पंधरा दिवस तासाला दहादा उठून पाणी पीत असे. माझा वर्ग पार विस्कटला. बाईंकडे तक्रार केली तर म्हणाल्या, "खरं आहे का ते तपासतोय तो. कळलं की थांबेल." आणि थांबला.

पण अशा आज्या वर्षागणिक कमी व्हायला लागल्या. नालासोपाऱ्यात इमारतींवर इमारती उठत होत्या, त्यांत माणसं राहायला येत होती, लहान मुलं तर ढिगाने येत होती, आणि त्यांच्यासाठी गल्लोगल्ली इंग्रजी शाळा निघत होत्या. गावातलीसुद्धा पोरं टाय लावून रिक्षात बसायला लागली. आमचा पट, म्हणजे मुलांची संख्या, दर जूनला खाली यायचा. पट एका मर्यादेखाली गेला की एक शिक्षक जास्तीचा ठरतो आणि त्याला दुसरीकडे धाडतात. आमच्यात सगळ्यात नवी मी. म्हणून एप्रिल आला की बाई स्वतःच इमारतींत फिरायला निघायच्या. माझ्यासाठी, असं त्या कधी बोलल्या नाहीत.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. तिसऱ्या मजल्यावर एका गृहस्थांनी आतला दरवाजा उघडला, जाळीचा बंदच ठेवला, आणि आम्हाला बघून म्हणाले, "कसली वर्गणी?"

"वर्गणी नको," बाई म्हणाल्या. "तुमचा मुलगा हवाय."

गृहस्थ दोन पावलं मागे सरकले. मला हसू आवरेना. बाईंनी मग पहिलीचं सगळं समजावून सांगितलं, जाळीतूनच. त्यांनी ऐकून घेतलं आणि मुलाचं इंग्रजीत नाव घातल्याचं सांगून दार लावलं. त्या दिवशी आम्ही चार इमारती चढलो. एका बाईने जाळी किलकिली करून पाण्याचा तांब्या दिला, तेवढंच. परतताना बसमध्ये बाई म्हणाल्या की वाईट काही वाटलं नाही, फक्त इतक्या घरांत जाऊन एकाही मुलाचं तोंड नीट बघायला मिळालं नाही.

मे महिन्यात शाळा बंद असायची, तरी बाई रोज सकाळी आठला येऊन दार उघडत. कोणी चौकशीला आलंच तर कुलूप दिसू नये, म्हणून. खळ घातलेली सुती साडी, नीट विंचरलेले केस, ओसरीवर एक खुर्ची. बारापर्यंत बसायच्या. मी एकदा सुट्टीत माझ्या कामाचा एक कागद न्यायला गेले, तेव्हा वर्गात एक अनोळखी जोडपं मांडी घालून बसलेलं दिसलं. मला आनंद झाला. बाईंनी त्यांना सगळी शाळा दाखवली, मुतारीपासून तिसरीच्या कोपऱ्यापर्यंत. जाताना त्या माणसाने विचारलं, निर्मळच्या देवळाला इथूनच सरळ जायचं ना. ते रस्ता विचारायला थांबले होते.

ते गेल्यावर मी म्हटलं, मुलाचं नाव तरी लिहून घ्यायचं होतं.

"मूल नाही त्यांना," बाई म्हणाल्या. "त्यांनी आल्याआल्याच सांगितलं. पण ती बाई काय छान बसली होती नाही?" आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसल्या. मी निघाले तेव्हा साडेदहा झाले होते. अजून दीड तास त्या तिथे एकट्या बसणार होत्या. मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, ती टाळून बाईंचं सांगणं पुरं होणार नाही.

माझी मुलगी पाच वर्षांची झाली आणि मी तिला इंग्रजी शाळेत घातलं. नवरा मुंबईला नोकरी करणारा, त्याच्या ऑफिसात सगळ्यांची मुलं इंग्रजीत. सासूबाईंचंही तेच म्हणणं. मी थोडी भांडले, फार नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. बाईंना सांगायचं रोज ठरवत होते आणि रोज पुढे ढकलत होते. त्या कधीमधी विचारायच्या, छोटी कशी आहे. मी म्हणायचे, बरी आहे.

त्या एप्रिलमध्ये नव्या इमारतीतले एक वडील आले. कुरिअर कंपनीत कामाला होते, मुलगी सहा वर्षांची. बाईंनी सांगितलं तसे सतरंजीवर बसले, सगळं बघितलं आणि उठता उठता विचारलं, "तुमच्या शिक्षकांची मुलं इथेच शिकतात का हो?"

मी फळ्याजवळ उभी होते. हातात डस्टर होतं, पुसलेलाच फळा पुसत राहिले. बाईंना खोटं बोलता येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

"एका शिक्षिकेची मुलगी इथे येणार नाही," बाई म्हणाल्या. "आईला तिची कारणं असतील. पण ती आई मात्र रोज येते. तुमची मुलगी तिच्याच हाताखाली शिकेल. तिचं शिकवणं दोन दिवस येऊन बघा आणि मग ठरवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते वडील खरंच दुसऱ्या दिवशी येऊन मागे बसले. मी पहिलीच्या मुलांना धडा शिकवत होते. त्यांनी मुलीचं नाव घातलं.

दुपारी शाळा सुटल्यावर मी बाईंकडे गेले. त्या चष्मा पुसत बसल्या होत्या. तुम्हाला कधी कळलं, असं विचारलं. मार्चपासून माहीत आहे, म्हणाल्या, गावात काय लपतं. मग मी बोलायला लागले, नवऱ्याचं, सासूबाईंचं, पुढच्या काळाचं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"कारणं नका सांगू," त्या म्हणाल्या. "मला पटली तर पुढच्या एप्रिलला मी कशी फिरू?"

त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. छोटीची चौकशी मात्र थांबली नाही. ती पहिल्यांदा इंग्रजीतलं एक गाणं पाठ करून आली, तेव्हा बाईंनी तिला समोर उभं करून ते दोनदा म्हणायला लावलं आणि तिच्या हाताला लागलेली शाई स्वतःच्या पदराने पुसली.

दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. मेअखेरीचा दिवस, म्हणजे सुट्टीतला. मुलं नाहीत, पालक नाहीत. त्या एप्रिललाही त्या सगळ्या इमारती फिरल्या होत्या, जूनमध्ये आपण नसणार हे माहीत असून. शेवटच्या दिवशी आम्ही तिघी शिक्षिका आणि शिपाई एवढेच जमलो, शाल दिली, पेढे खाल्ले. गावात त्यांना कोणी राहू नका म्हटलं नाही, पण राहा असंही कोणी म्हणालं नाही. त्या खोल्या मालकांना मुलाच्या लग्नासाठी हव्या होत्या. पुतण्या साताऱ्याजवळच्या गावी होता, त्याच्याकडे त्या जायच्या ठरल्या.

एसटीवर सोडायला मी एकटी गेले. दोन पिशव्या आणि एक ट्रंक. तीस वर्षांचं सामान तेवढंच. खिडकीशी बसल्यावर त्यांनी विचारलं, "पहिलीची नावं किती झाली?"

खरं म्हणजे सहा झाली होती. पट टिकायला निदान अकरा हवी होती. "अकरा झाली," मी म्हटलं.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग "बरं झालं" म्हणाल्या. गाडी हलली तेव्हा त्यांचा हात वर गेला. निरोपाचा असेल म्हणून मीही हात उचलला. पण त्या खिडकीची अडकलेली काच सरकवत होत्या.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचं कार्ड आलं. अक्षर तसंच, फळ्यावरचं. पोचल्याचं, पाऊस सुरू झाल्याचं, आणि खाली एक ओळ: 'पहिलीच्या अकरा मुलांची नावे कळवावीत, म्हणजे मी पाठ करीन.'

ती ओळ मी कितीदा वाचली असेल. त्यांना खरं वाटलं होतं, का माझं खोटं पकडायचं होतं, हे आजही सांगता येणार नाही. मी आंतर्देशीय पत्र घेऊन बसले. पाच नावं मनाने रचणं अवघड नव्हतं. पण ती सहा लिहिली आणि पुढे हात चालेना. सहा नावं, प्रत्येकाच्या आईचं नाव, कुठल्या पाड्यावरून येतो ते, एवढंच लिहिलं. माफी मागितली नाही, खुलासा केला नाही. पत्र टाकलं.

उत्तर आलं नाही. माझी बदली लांबली होती, पुढच्या जूनपर्यंत मी तिथेच होते. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसत होती. मी रोज टपालाची वाट बघायचे आणि आज लिहू, उद्या लिहू करायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या पत्त्यावर पुतण्याचं पत्र आलं. आत्या श्रावणात गेली, झोपेतच. कोणाकोणाला कळवायचं ते समजत नव्हतं म्हणून उशीर झाला. तिच्या उशीखाली आपलं पत्र होतं. त्यात सहा मुलांची नावं आहेत. ती आत्याची कोण लागतात ते आम्हाला माहीत नाही. त्यांना कळवायचं असेल तर कृपया आपण कळवावं.

त्या दिवशी सहापैकी पाच जण आले होते. त्या पाचांना मी सांगितलं. सहावी दुसऱ्या दिवशी आली. तिला वेगळं सांगितलं.