आठवणीची तार आणि चाकणची उदबत्ती

लोक सुट्टी काढून कोकणात जातात, मी चाकणला गेले. मैत्रीण मेघना तिथे गाडीच्या इंजिनासाठी झडप बनवते. इंजिन तापलं की झडप वाकून उघडते, गार झालं की मिटते, मोटर लागतच नाही. हे डोळ्यांनी पाहायचंच होतं!

निगडीहून बस पकडा, पण घाई असेल तर नको. तळवड्यापुढे कंटेनरच्या रांगेत आमची बस पाऊण तास अडकली. चाकणला उतरून मिसळ खाल्ली, रस्सा झणझणीत, पाव मागाल तितके.

कारखान्याच्या शेडमध्ये मेघना नखं खात उभी होती. झडप घेणार त्या गाडीच्या कंपनीचे साहेब चाचणीला आले होते. आज नापास झालो तर काम बंद, असं ती कुजबुजली.

झडप म्हणजे हाताएवढी काळी पट्टी. कार्बनच्या थरांत बारीक तार, तापल्यावर जुना आकार आठवणारी. मी तर बघतच राहिले.

पट्टी चाचणीच्या भट्टीत ठेवली, पण भट्टी सुरू व्हायच्या आधीच तिचा एक कोपरा हळूच उचलला गेला.

"मॅडम, भट्टी बंद असताना उघडतेय. चालत्या गाडीत काय करेल?" साहेबांनी फाईल मिटली.

मेघनाचा चेहरा पडला. मला रडूच येईल असं वाटलं.

तेवढ्यात पोपटराव पुढे झाले. भट्टीचं मशीन तेच चालवतात, मूळचे इथल्याच गावचे. कंत्राटावर आहेत, बोलणं त्यांना महागात पडलं असतं.

"साहेब, पट्टीची चूक न्हाई. नवं काम हाय म्हणून म्या मशीनची पूजा केली. उदबत्ती त्या कोपऱ्याखालीच खोचली व्हती."

सगळे वाकले. खाली खरंच उदबत्ती धुमसत होती.

"काढा ती आधी," साहेब म्हणाले. पट्टी गार होऊन सपाट झाली. मग भट्टी तापत गेली, आणि ठरल्या तापमानाला पट्टी अख्खी उघडली. मी टाळ्या वाजवल्या, एकटीनेच. साहेबांनी फाईल पुन्हा उघडली.

पोपटराव मात्र पुसायचं फडकं हातात धरून तसेच उभे होते. साहेब निघताना म्हणाले, "पूजा चालू ठेवा भाऊ, फक्त दाराशी."

आता पिंपळे सौदागरला परतलेय. मेघनाने दिलेला बाद तुकडा चहाच्या वाफेवर धरला की वाकतो, सासूबाईंनाही दाखवून झालं. त्यापेक्षा जास्त मनात राहिलंय ते पोपटरावांचं पुढे होणं. काल मेघनाने चाचणीच्या नव्या तक्त्याचा फोटो पाठवला. पहिली ओळ: "पूजा झाली, उदबत्ती दाराशी." पुढे सहीची जागा, आणि तिथे पोपटरावांची सही.