आखाजीतलं बीजगणित

हसणार नाही म्हणून आधी कबूल करा, मग सांगतो! न येणारं गणित चुकवणारे पुष्कळ असतात हो. मी येणारं गणित मुद्दाम चुकवलं आणि असा काही तोंडावर आपटलो की विचारू नका.

मॅट्रिकला बीजगणितात गचकलो होतो. लग्न नवं. आमची गोदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी, पिंप्राळ्याला गेली आणि धुळ्यात मला घर खायला उठलं. पण सासुरवाडीला जायचं तर निमित्त काय? सासरे, म्हणजे नाना, शाळेत गणित शिकवायचे. पुस्तक काखोटीला मारलं, चाळीसगावला गाडी बदलली आणि हजर!

पाटी घेऊन ओसरीवर बसलो. समोर निंबाला झोका, झोक्यावर गोदा. मैत्रिणींत गात होती. तो आवाज ऐकला आणि पाटीवरची नजर थेट झोक्यावर गेली हो!

नाना म्हणाले, "जावईबापू, अपूर्णांकात ऋण घात वर दिसला की खाली न्या. खाली असला तर वर. जागा बदलली की चिन्ह बदलतं."

क्षणात समजलं. पण तसं सांगितलं तर मुक्काम हलला ना! मग काय, घात खाली नेला आणि ऋण चिन्ह तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी चिन्ह बदललं, पण घात वरच! नानांनी कपाळाला हात लावला.

पाणी द्यायला आलेली गोदा पुटपुटली, "बठ्ठं येस तुमले. मंग नानाले कसाले त्रास देतस?" सगळं येत असूनही मी नानांना छळतोय, हे तिनं बरोबर ओळखलं होतं.

"तू दिसतेस म्हणून."

ती लाजून आत पळाली. त्या आनंदात मी पुढची दोन गणितं आणखी बिघडवली.

शेवटी नाना गंभीर झाले. "रोग कळला मला. तुमचं लक्ष झोक्याकडे शे. गोदाला उद्या धुळ्याला धाडतो, तुमच्या आईकडे."

"आणि मी?"

"तुम्ही इथंच. शिकल्याबिगर हलायचं नाही!"

सकाळी मेव्हण्यानं तिला स्टेशनवर न्यायला दमणी जुंपली. बैल निघाले. गोदा मागे वळून बघत होती, डोळे भरलेले. मला राहवेना. पाटी ओढली आणि अपूर्णांक धडाधड सोडवले. वरचे घात खाली, खालचे वर, चिन्हं चोख!

"नाना, सगळं येतं मला! दमणी थांबवा, मीही जातो!"

नानांनी पाटी तपासली. एक चूक नाही. म्हातारा आनंदानं उठून उभाच राहिला.

"बघा! पोरगी वेशीबाहेर गेली नाही तोच डोकं चालायला लागलं! आता मॅट्रिक होईपर्यंत ती तिकडे, तुम्ही इकडे!"