मिलिंदची चूक शोधायला कापड्याला

खरं कारण आधीच सांगून टाकते. मी पोलादपूरला निसर्ग बघायला गेले नव्हते. मी जळत होते म्हणून गेले.

मिलिंद आणि मी पुण्यात एकाच ऑफिसात, एकाच कामावर. कुठलं घर काय पेरतं, कोण मुंबईला जातं, यावरून वीस वर्षांनी अख्ख्या तालुक्याची जमीन कशी असेल ते संगणकावर मांडायचं. दोघांनी आपापले नकाशे केले आणि सरांनी दिल्लीला पाठवायला त्याचा निवडला. माझ्या पोटात जे दुखायला लागलं! त्यात त्याच्या नकाशात पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याचे डोंगरउतार आजच्या घडीलाही 'लागवडीखाली' दिसले. उपग्रहाच्या चित्रात तिथे नुसतं गवत, मी 'पडीक' लिहिलेलं. सापडला लेकाचा! सरांना मेल टाकला, 'मिलिंदचा नकाशा चुकलाय, पुरावा सोमवारी देते', आणि शनिवारी पहाटे महाडची एसटी पकडली.

वरंध घाटातून जाणार असाल तर पोट हलकं ठेवा, वळणं जीव काढतात. भजी घाटमाथ्यावर नको, उतरल्यावर खा. महाडला स्टँडजवळ एका चाचांकडे तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्ली, झकास.

"भर मे महिन्यात कापड्याला? काय बघणार तिथे?" चाचांनी विचारलं.

"पडीक जमीन."

"ती बघायला पुण्याहून? कमाल आहे."

पोलादपूरहून मिनीडोर रिक्षा मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. पाणी जवळ ठेवा. कापड्याला उतरले आणि समोरच तो उतार, वाळक्या गवताने भरलेला. मला इतका आनंद झाला की लाज वाटावी. पटापट फोटो काढत सुटले.

खाली खाचरात एक काकी भाताच्या रोपांसाठी राब भाजत होत्या. जमिनीवर पालापाचोळा पसरून पेटवलेला, धुराने माझे डोळे चुरचुरले.

"काकी, मी पुण्याहून आलेय, नकाशाच्या कामाला. ही जमीन पडीक कधीपासून?"

"पडीक? कोनी सांगितला तुला? इसाव्याला ठेवलीय गो. तीन वर्सं नाचणी, वरी घेतली, आता थोडी वर्सं गवत. मग परत पेरायची पाळी आमचीच. आनि ह्यो पाला खयचा वाटला तुला? तिथलाच हाय."

मी कॅमेरा खाली केला.

"तुमच्या हापिसातला मिलिंदभाऊ आठ दिस व्हता आमच्यात. पाला तोडाय यायचा. कुनाचा माळ कवा पिकनार, समदा लिवून नेलान."

तेव्हा त्याने मलाही चल म्हटलं होतं. 'उन्हात कोण मरायला जातंय?' हे माझे शब्द.

निघताना काकींनी नाचणीच्या पापडांची पिशवी हातात दिली. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "मिलिंदभाऊला दे हां. आठवनीनं."

रविवारी सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेले. जरूर जा, अंग मोकळं होतं. मन नाही होत. परतीच्या एसटीत त्याचे पापड मोडू नयेत म्हणून पिशवी मांडीवर धरून अख्खा घाट चढले.

सोमवारी सरांसमोर सांगितलं, चूक माझ्या नकाशात आहे. त्या मेलचं मिलिंदलाही कळलं होतं. एक टोमणा मारला असता तर मला चिडता तरी आलं असतं. हलकटाने तेवढीही सोय ठेवली नाही. मी दिलेली पिशवी उघडून पापड हुंगला आणि म्हणाला, "यंदा नाचणी देवळामागच्या माळावर ना? काकींचा धाकटा येणार होता मुंबईहून नांगरायला. आला का?"

मी विचारलंच नव्हतं.