आबांनी न ओळखलेला आवाज

माझा आवाज चांगला नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे. प्रार्थनेला बाई मला मागच्या रांगेत उभी करायच्या आणि वर सांगायच्या, "तू नुसते ओठ हलव." पण आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तो आवाज लाखात ओळखू यायचा. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे गेले, तेव्हापासून ते माणूस आवाजावरूनच धरायचे. कडेगावजवळ आमचं गाव. तिथले रिकामटेकडे मुद्दाम आवाज बदलून "राम राम आबा" म्हणायचे. आबा लगेच नाव सांगायचे आणि वर, "गड्या, आदी तोंडातली तंबाखू थुक, मग आवाज बदल." मी तर फोनवर नुसता घसा खाकरला तरी पलीकडून "बोल बाळ" यायचं.

मी सांगलीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. कोरोना आला तसा आबांनी एकच धोशा लावला, "त्या वॉर्डात जाऊ नगंस. माज्या गळ्याची आण घे." मी घेतली. लहान मुलांच्या वॉर्डात ड्यूटी आहे म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी किट चढवून कोरोनाच्या वॉर्डात उभी राहिले. मी नाही म्हटलं असतं तर दुसरीला जावं लागलं असतं, आणि तिचं बाळ अजून अंगावर पीत होतं. खोटी शपथ ज्याची घ्यावी त्याला लागते म्हणतात. मी असलं काही मानत नव्हते.

मास्कनं आवाजाचं काय होतं ते मला कुणी पुस्तकातून सांगायला नको. आवाज थांबत नाही, त्याची धार जाते. 'स', 'श', 'च' कुठं जातात कळत नाही, 'ब' आणि 'म' तेवढे घुमत राहतात. आम्ही दोन मास्क घालायचो, वर प्लॅस्टिकची काच. आपलंच बोलणं काचेवर आपटून आपल्याच कानात परत यायचं. गावाकडच्या चालीत भराभर बोललं तर पेशंटला एक अक्षर कळायचं नाही. म्हणून मी पाठ्यपुस्तकातली बाई झाले. "आजोबा. श्वास घ्या. पालथे झोपा." प्रत्येक शब्द तोडून आणि ओरडून. आठवड्याभरात घसा बसला. सहा तासांच्या पाळीनंतर बाहेर येऊन बोलले की माझी मलाच ओळख पटायची नाही.

वॉर्डात रहिमतपूरचे एक म्हातारे होते. तापाच्या भरात सारखे विचारायचे, "माजी लेक आली का?" नातेवाइकांना आत सोडत नव्हते. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आले की. मीच आहे." म्हातारे निवले आणि मुकाट्यानं पालथे झोपले. मग आम्हा सगळ्याच नर्सना ती सवय लागली. मास्कमधून सगळ्यांचे आवाज सारखेच, त्यामुळं कुणीही कुणाची लेक होऊ शकायची. औषधाच्या आधी आम्ही ते खोटं द्यायचो आणि पुष्कळदा तेच आधी लागू पडायचं.

दुसऱ्या लाटेत आबांना आणलं. मी धावत कॉटपाशी गेले आणि म्हणाले, "आबा." ते म्हणाले, "व्हय बाई. कोण तुमी?"

आमच्याकडं कुठल्याही म्हाताऱ्याला आबाच म्हणतात, त्यामुळं हाकेचं त्यांना काहीच वाटलं नाही. पण आवाज? खरं सांगते, मला पहिल्यांदा राग आला. नुसत्या खाकरण्यावरून माणूस ओळखणारा हा म्हातारा, आणि पोटच्या पोरीला 'कोण तुमी' म्हणतो! मग शपथ आठवली. अशा अवस्थेत मी तिथं आहे हे कळलं तर ते जिवाला लावून घेतील, असं मी स्वतःला समजावलं. "मी सिस्टर आहे," म्हणाले. बाकीच्या पोरींनाही गप्प राहायला सांगितलं.

पाळी संपली की किट काढायचं, अंघोळ करायची आणि गॅलरीतून त्यांना फोन लावायचा. घसा बसलेला असला तरी तिथं तोंड मोकळं असायचं आणि बोलणं गावाकडचं. एका श्वासात "बोल बाळ" यायचं. आपल्या ऑक्सिजनच्या मास्कमधून थांबत थांबत ते मला वॉर्डाची खबर द्यायचे. "हितली एक सिस्टर लय मायेची हाय. आवाज तेवढा गोधडीतनं बोलल्यावानी. शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणती, मीच तुमची लेक. खोटं बोलती, पर पुण्याचं हाय त्ये खोटं." मी हसले. त्यांच्याशी फोनवर मोकळं हसले ते तेवढंच.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांचा ऑक्सिजन खाली जायला लागला. डॉक्टरांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. आबांना डॉक्टरांची मान दिसली नव्हती, तरी त्यांना कळलं असावं. मला म्हणाले, "सिस्टर, माज्या लेकीला बोलवा. लहान पोरांच्या वॉर्डात हाय ती. माज्या आईला म्या पाणी पाजलं व्हतं. मला तिच्या हातचं पायजे."

आमच्यात शेवटचं पाणी पोटच्या लेकराच्या हातचं लागतं. आई आधीच गेलेली, आणि मी एकटीच. आता शपथ गेली खड्ड्यात. मी वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, "आबा, मीच हाय वो. तुमची लेक."

ते हसल्यासारखे झाले. म्हणाले, "तुमी लय चांगल्या हाय. पर मला नगा फशिवू बाई. मी शेजारच्याचं ऐकलंय."

मी सांगत सुटले. घरामागची चिंच, तिच्यावरून पडून मोडलेला माझा हात, आई मला कोणत्या नावानं हाक मारायची ते. ते म्हणाले, "तिनंच सांगितलं आसंल तुमाला. बोलकी हाय ती." मी त्यांचा हात धरला. हातात दोन-दोन मोजे. त्यांना नुसतं रबर लागलं असेल.

किट उतरवून बाहेरून फोन लावेपर्यंत ते राहिले नसते. मास्क खाली ओढायला मात्र दोन बोटं पुरली असती. हात तिथपर्यंत गेलाही. शेजारचे म्हातारे खोकत होते, आणि घरी माझी चार वर्षांची मुलगी रोज दारात वाट बघत बसायची. मी हात खाली घेतला. बरोबर केलं असं सगळे म्हणतात. मला तसं कधीच वाटलेलं नाही. हे लिहिताना तर मुळीच नाही.

मी रडत होते. काचेच्या आत डोळे पुसता येत नाहीत.

आबा धापा टाकत म्हणाले, "बरं, तुमीच पाजा. तिच्या नावानं घेतो. आन् तिला सांगा, आबानं तुज्याच हातचं पाणी घेतलं म्हून. न्हाईतर लय जिवाला लावून घ्यायची. सांगशीला न्हवं?"

"सांगते," मी म्हणाले. त्यांचा मास्क क्षणभर वर उचलला आणि चमच्यानं ओठांवर पाणी सोडलं.